किंग यांनी विनवणी केली नव्हती

दरवर्षी एप्रिल उजाडला की आपल्याकडे एक वाद नव्याने पेटतो. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा स्मृतिदिन, ११ ला जोतीराव फुले यांची जयंती, १४ ला बाबासाहेबांची. तारखा अशा लागोपाठ आल्या की तुलना होणारच, आणि ती व्हायलाही हवी. पण होते कशी? एक बाजू म्हणते, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी गांधीजींचा मार्ग धरला, द्वेषाला प्रेमाने उत्तर दिले, गोऱ्यांचे हृदयपरिवर्तन घडवले आणि हक्क मिळवले. मग आपल्याकडच्या दलित चळवळीलाच एवढा कडवटपणा का लागला? दुसरी बाजू उसळून म्हणते, किंग हे गोऱ्यांना परवडणारे पुढारी होते. खरा स्वाभिमान जहाल कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांचा, ब्लॅक पँथर या सशस्त्र संघटनेचा. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ हे नाव दिले ते उगाच नाही.

दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण दोघी एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. किंग यांची अहिंसा म्हणजे जुलूम करणाऱ्याच्या विवेकापुढे केलेली विनवणी, हे दोघींनाही मान्य आहे. पहिलीला ती विनवणी थोर वाटते, दुसरीला लाचार, एवढाच फरक. माझे म्हणणे असे की ती विनवणी नव्हतीच. १९५५ ते १९६८ या काळात किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उभे केले ते दबावाचे राजकारण होते. समोरच्याचे कोणते काम आपल्यावाचून अडते हे शोधून काढायचे, आणि संघटितपणे ते अडवायचे. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ही गोष्ट एकदा नीट पाहिली की गांधी की आंबेडकर, किंग की माल्कम, हे प्रश्न आज विचारले जातात तसे विचारताच येत नाहीत.

अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोडवा त्याच कथेत कालवला गेला आहे. पाठ्यपुस्तकातली कथा अशी की १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी कामावरून दमून घरी निघालेल्या रोझा पार्क्स गोऱ्या उतारूसाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, त्यांना अटक झाली, आणि २६ वर्षांच्या एका धर्मोपदेशकाच्या हाकेने शहर जागे झाले. प्रत्यक्षात पार्क्स या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या जुन्या, मुरलेल्या कार्यकर्त्या होत्या. त्यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी, मे १९५४ मध्ये, जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापक बाईंनी महापौरांना एक पत्र लिहिले होते. त्या काळी तिथल्या बसमध्ये कृष्णवर्णीयांनी पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचे, आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे अशी रीत होती. पैसे घेऊन बस मधल्यामध्ये निघून जाण्याचे प्रकारही घडत. रॉबिन्सन यांच्या पत्राची भाषा अतिशय सभ्य आहे. मुद्दा मात्र रोकडा आहे. तुमच्या बसने जाणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश लोक आमचे आहेत, ते बसमध्ये चढले नाहीत तर बस चालूच शकणार नाहीत. यात हृदयपरिवर्तन कुठे आहे? पार्क्स यांना अटक झाली त्या रात्री याच रॉबिन्सन बाई एक सहकारी आणि दोन विद्यार्थी घेऊन कॉलेजात गेल्या आणि पहाटेपर्यंत हजारो पत्रके सायक्लोस्टाइल करून दुसऱ्या दिवशी गावभर वाटली. किंग यांचे नाव पुढे आले ते त्यानंतर.

मग ३८१ दिवस बसवर बहिष्कार चालला. एवढे दिवस लोक भाषणावर जगत नाहीत. सुमारे ३०० गाड्यांची पर्यायी वाहतूक उभी राहिली, कुठून कुणाला घ्यायचे आणि कुठे सोडायचे याचे थांबे ठरले, चर्चच्या नावाने गाड्या विकत घेतल्या गेल्या. स्थानिक विमा कंपन्यांनी त्या गाड्यांचा विमा रद्द केला तेव्हा तो थेट लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला गेला. पेट्रोलला पैसे कुठून आले? जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी शेजारणी गोळा केल्या. त्या घरी केक, रताळ्याच्या ‘पाय’ नावाच्या गोड पेस्ट्री, तळलेल्या चिकनची सँडविचे करायच्या, ब्युटी पार्लरात, लाँड्रीत, शेजारीपाजारी विकायच्या आणि आठवड्याची कमाई सभेत आणून द्यायच्या. यातल्या बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव फुटले तर काम जाणार. म्हणून मंडळाचे नाव ठेवले ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, पैसे कुठून आले असे कुणी विचारले तर ‘कुठूनच नाही’ असे खरेखुरे उत्तर देता यावे म्हणून. गिलमोर यांनी स्वतः किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेलीच. या बाईंना आठवल्याशिवाय कुणी माँटगोमेरीची गोष्ट सांगू लागला की मला राग येतो, कारण अहिंसा म्हणजे काय ते त्यांच्या चुलीपाशी जितके कळते तितके भाषणांत कळत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. बहिष्काराने बस कंपनीचे कंबरडे मोडले, पण शहराच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी शेवटपर्यंत हार मानली नाही. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी पर्यायी वाहतूक बंद पाडण्यासाठी शहराने मागितलेल्या मनाई हुकमावर सुनावणी चालू होती आणि किंग कोर्टात बसले होते. मनाई मिळणार हे दिसत होते. त्याच दिवशी बातमी आली की बसमधली वर्णभेदी बैठक घटनाबाह्य ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. ती बातमी आली नसती तर? चळवळ कदाचित मोडली असती. म्हणजे एकट्या बहिष्काराने लढाई जिंकली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण यातून हृदयपरिवर्तनवाल्यांचे म्हणणे सिद्ध होते का? माँटगोमेरीच्या गोऱ्यांची मने वर्षभरात किती वितळली होती? किंग यांच्या घरावर जानेवारी १९५६ मध्येच बॉम्ब पडला होता. एक नाडी आर्थिक होती, दुसरी न्यायालयीन. दोन्ही आवळाव्या लागल्या.

आता एक दुवा, जो मराठी माणसाला तरी ठाऊक असायला हवा. बहिष्काराची बातमी जगभर गेली तेव्हा ती नागपुरात एका अमेरिकन तरुणाने वर्तमानपत्रात वाचली. जेम्स लॉसन त्याचे नाव. कोरियन युद्धासाठी सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून तो तुरुंगात जाऊन आला होता, आणि मेथडिस्ट मिशनच्या वतीने नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काम करत होता. गांधीविचार समजून घ्यायला तो तीन वर्षे इथे राहिला. १९५६ मध्ये परत गेला, पुढच्या वर्षी किंग यांना भेटला, आणि किंग यांनी त्याला आग्रहाने दक्षिणेत बोलावून घेतले. नॅशव्हिल शहरात चर्चच्या तळघरात त्याने विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा सुरू केल्या. निम्म्यांनी आंदोलक व्हायचे, निम्म्यांनी गुंड. गुंड झालेल्यांनी केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली पाडायचे, शिव्या द्यायच्या. आंदोलकांनी डोके कसे वाचवायचे, पडलेल्या सोबत्यावर आडवे कसे व्हायचे याचा सराव करायचा. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुले दुकानांतल्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या खानपानाच्या काउंटरवर जाऊन बसली तेव्हा त्यांच्याजवळ लेखी नियम होते. मारले तरी उलट मारू नका. दार अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा. ही शिस्त लष्करी आहे. तिला भाबडी म्हणणाऱ्याने तसा एक तास बसून पाहावे.

नॅशव्हिलमध्येच माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावाही आहे, तो टाळून चालणार नाही. १९ एप्रिल १९६० रोजी आंदोलकांच्या कृष्णवर्णीय वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. हजारो लोक मूक मोर्चाने नगरभवनापर्यंत चालत गेले. तिथे पायऱ्यांवर डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारले, केवळ रंगावरून माणसामाणसांत भेद करणे चूक आहे असे तुम्हाला वाटते का? आणि महापौर, सगळ्यांसमोर, हो म्हणाले. पुढे त्यांनी सांगितले की माणूस म्हणून दुसरे उत्तर देणे त्यांना शक्यच नव्हते. तीन आठवड्यांत, १० मे रोजी, काउंटर खुले झाले. हे हृदयपरिवर्तन नाही तर काय? आहे. मी ते नाकारत नाही. पण त्या तीन आठवड्यांआधीचे कित्येक आठवडे नॅशव्हिलच्या बाजारपेठेत काय चालले होते तेही पाहा. ईस्टरच्या तोंडावर, नव्या कपड्यांच्या खरेदीच्या ऐन हंगामात, कृष्णवर्णीय घराघरांनी त्या बाजाराकडे पाठ फिरवली होती. दंग्याच्या भीतीने गोरी गिऱ्हाइकेही फिरकेनाशी झाली होती. दुकानदारांना तडजोड हवीच होती. ‘आधी मी का’ म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. महापौरांच्या त्या एका शब्दाने त्यांना तोंड लपवायला जागा मिळाली. विवेक जागा झाला हे खरे, पण तो दाराशी गर्दी झाल्यावर जागा झाला. आणि त्या विवेकी शहराच्या विद्यापीठाने लॉसनला त्याच मार्च महिन्यात काढूनही टाकले होते.

विवेकाला आवाहन करून भागत असते तर जॉर्जियातल्या ऑल्बनी शहरात किंग हरले नसते. १९६१-६२ मध्ये तिथले पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी किंग यांच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. कॅमेऱ्यासमोर लाठी नाही, कुत्री नाहीत. अटक करायची ती अदबीने. आसपासच्या तालुक्यांतले तुरुंग त्यांनी आधीच बोलून ठेवले होते, त्यामुळे कितीही लोक अटक करवून घ्यायला आले तरी गावचा तुरुंग भरेना. शेकडो लोक तुरुंगात गेले, प्रार्थना झाल्या, गाणी झाली, सहन करणे तर अपरंपार झाले. पदरात जवळपास काही पडले नाही. सोसण्याने अन्याय करणारा शरमतो, या सिद्धान्ताची याहून स्वच्छ परीक्षा कुठे झाली असेल? पुढे किंग यांनी स्वतः चूक सांगितली. आपण सगळ्या वर्णभेदावर एकदम चाल केली, एक नेमके ठिकाण धरले नाही. आणि ज्यांना आपल्या मतांची गरज नाही अशा राज्यकर्त्यांवर धडका दिल्या, ज्यांना आपल्या पैशाची गरज आहे त्या व्यापाऱ्यांवर नाही.

१९६३ मध्ये अलाबामातल्याच बर्मिंगहॅम शहराच्या मोहिमेत ही शिकवण अक्षरशः अमलात आली. मोहिमेचे सांकेतिक नाव ‘प्रोजेक्ट सी’, त्यातला ‘सी’ ‘कन्फ्रंटेशन’चा, म्हणजे संघर्षाचा. किंग यांचे सहकारी वायट टी वॉकर आधी जाऊन लक्ष्य ठरलेल्या दुकानांतली स्टुले, टेबले, खुर्च्या मोजून आले, आत शिरायचे आणि बाहेर पडायचे रस्ते टिपून आले. काळ ठरला ईस्टरचा, म्हणजे ख्रिसमसखालोखाल सर्वांत मोठ्या खरेदीचा. १२ एप्रिलला किंग यांना अटक झाली. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी त्यांना संयमाचा उपदेश केला होता, त्याला त्यांनी वर्तमानपत्राच्या समासावर, सापडेल त्या कागदावर लिहून उत्तर दिले. ते पत्र प्रेमाचे पत्र म्हणून उद्धृत होते. ते वाचले तर त्यात काय दिसते? जुलूम करणारा आपणहून कधी स्वातंत्र्य देत नाही, ते मागून घ्यावे लागते. थेट कृतीचा हेतूच असा पेच निर्माण करण्याचा असतो की वाटाघाटींना नकार देणाऱ्या समाजाला प्रश्नाला सामोरे जाणे भाग पडावे. आणि आपल्या मार्गातला मोठा अडसर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीतला माणूस नाही, तर न्यायापेक्षा शांततेची जास्त काळजी करणारा मवाळ गोरा आहे, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला शाळकरी मुले हजारोंनी रस्त्यावर आली, पाण्याचे फवारे आणि कुत्री त्यांच्यावर सोडली गेली, ती छायाचित्रे जगभर गेली. एवढे आपल्याला माहीत असते. पण १० मेचा समझोता झाला तो शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांशी, कारण त्यांच्या बाजारात गिऱ्हाईक पाऊल ठेवत नव्हते.

त्या छायाचित्रांनी देशाचे मन हलले नाही का? हलले. त्याशिवाय १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला नसता, हे मान्य करायलाच हवे. मात्र मन कुणाचे हलले ते बघा. प्रामुख्याने उत्तरेतल्या गोऱ्यांचे, ज्यांना त्या घडीला स्वतःचे काही सोडायचे नव्हते. १९६६ मध्ये किंग शिकागोत गेले आणि घरांच्या बाजारातला वर्णभेद मोडा म्हणाले, तेव्हा त्याच उत्तरेत त्यांच्या डोक्यावर दगड बसला. त्या वर्षीच्या गॅलप जनमत चाचणीत ६३ टक्के अमेरिकनांचे त्यांच्याविषयीचे मत प्रतिकूल होते. आज ज्यांना सगळे वंदन करतात, त्यांच्या हयातीत बहुसंख्यांना ते नकोसे होते. शिकागोत किंग बव्हंशी अपयशी ठरले, आणि तिथे बसच्या तिकिटासारखी हातात धरता येईल अशी नाडी त्यांना सापडली नाही हे त्याचे मोठे कारण होते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. माल्कम एक्स नसते तर किंग यांचे कुणी ऐकले नसते, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. ४ फेब्रुवारी १९६५ रोजी, किंग अलाबामातल्या सेल्मा गावच्या तुरुंगात असताना, माल्कम तिथे आले आणि कोरेटा किंग यांना म्हणाले की मी तुमच्या पतीचे काम अवघड करायला आलेलो नाही. दुसरा पर्याय काय आहे हे गोऱ्यांना दिसले तर ते कदाचित डॉ. किंग यांचे ऐकतील. सतरा दिवसांनी माल्कम यांची हत्या झाली. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांनी हे बोलणे लक्षात ठेवावे. घरावर बॉम्ब पडल्यावर खुद्द किंग यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला होता आणि तो नाकारला गेला, हेही. पण म्हणून अहिंसा दुबळी ठरते का? लोकसंख्येत दहापैकी एक असलेल्या समाजाने, ज्याच्या समोर पोलीस, नॅशनल गार्ड आणि न्यायालयातले ज्यूरी सगळे गोरे, शस्त्राची स्पर्धा करायची तर ती कुणाच्या सोयीची? किंग यांनी ते मैदान नाकारले आणि जिथे आपली संख्या, आपले श्रम, आपले पैसे मोजले जातात ते मैदान निवडले. यात लाचारी कुठे आली?

मग बाबासाहेबांनी हाच मार्ग का धरला नाही, हा पहिल्या बाजूचा लाडका प्रश्न. खरे तर त्यांनी तो धरून पाहिला होता, किंग यांचा जन्म होण्याआधी. महाडचे चवदार तळे कायद्याने सर्वांना खुले होते, नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला होता, तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. सत्याग्रहींना मारहाण झाली. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल लागले. नाशिकला काळाराम मंदिरासमोर १९३० पासून पाच वर्षे माणसे उभी राहिली, दगड खाल्ले, तुरुंगात गेली. दार उघडले नाही. इथे थोडे थांबून विचार करा. माँटगोमेरीच्या बसला काळ्या उतारूची गरज होती. काळारामाच्या पुजाऱ्याला महार भक्ताची कोणती गरज होती? ज्या देवळात तुम्हाला कधी शिरूच दिले नाही, त्यावर बहिष्कार टाकणार कसा? सोसण्यात नाशिकचे सत्याग्रही नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांपेक्षा तसूभर कमी नव्हते. फरक एवढाच की त्यांच्या न जाण्याने कुणाचा गल्ला रिकामा होत नव्हता.

खेड्यात तर गणित पूर्ण उलटे होते. तिथे बहिष्काराचे हत्यार सवर्णांच्या हाती होते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्टे समितीने, आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते, हे स्पष्ट नोंदवले आहे की बहुतेक भागांत अस्पृश्यांना आर्थिक स्वातंत्र्यच नाही. कुणी सवर्णांची जमीन मर्जीवर कसतो, कुणी त्यांच्या शेतात मजुरी करतो, आणि हक्क मागितला की रोजगार बंद, वाट बंद, वाण्याकडचे सामान बंद. अमेरिकेतही जिथे अशीच अवस्था होती तिथे असेच झाले. मिसिसिपीत फॅनी लू हेमर १९६२ मध्ये मतदार नोंदणीला गेल्या आणि ज्या मळ्यावर १८ वर्षे राबल्या तिथून त्याच दिवशी हाकलल्या गेल्या. त्या ग्रामीण दक्षिणेत बहिष्काराने काही हाती लागणे शक्य नव्हते, तिथे केंद्राचा कायदाच लागला. १९६५ पूर्वी मिसिसिपीतल्या मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी सात टक्केही नोंदलेले नव्हते. दोन वर्षांत ते प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेले. लोकांची मने दोन वर्षांत एवढी पालटत नसतात.

तेव्हा बाबासाहेबांनी किंग यांच्याहून वेगळे काही केले असे मला वाटत नाही. सवर्ण हिंदू समाजाला आपल्या, म्हणजे दलितांच्या, श्रमाची गरज होती, पण ते रोखून धरायची ऐपत उपाशी माणसात नव्हती. त्याला आपल्या पैशाची गरज नव्हती, कारण पैसा नव्हताच. त्याला गरज होती ती आपल्या संख्येची. राजकीय वाटणीत हिंदूंची मोजदाद आपल्याला धरूनच पुरी होत होती. बाबासाहेबांनी नेमकी तीच नाडी धरली. गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागितले, १९३५ मध्ये येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्यात प्राणांतिक उपोषण आरंभले तेही याच मागणीविरुद्ध, आणि ते उपोषण हाही दबावच होता, ज्याच्यापुढे बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. अहिंसा म्हणजे निव्वळ आवाहन असे मानणाऱ्यांनी त्या सप्टेंबरकडे पुन्हा एकदा पाहावे.

हृदयपरिवर्तनाच्या बाजूने एक शेवटचे बोलणे उरते. किंग स्वतः प्रेमाची भाषा बोलत, आणि ती वरवरची नव्हती. त्यांना शत्रूचा पाडाव नको होता, त्याच्यासोबत जगायचे होते. हे काढून टाकून त्यांना नुसते डावपेचवाले ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्या श्रद्धेशिवाय ३८१ दिवसांत कुणीतरी दगड उचललाच असता. पण प्रेमाला त्यांनी कायद्याची आणि दबावाची जागा कधी दिली नाही. कायदा गोऱ्याला माझ्यावर प्रेम करायला लावू शकत नाही, पण मला झाडाला टांगण्यापासून अडवू शकतो, असे ते सांगत. भारतातल्या राखीव जागांचेही त्यांनी याच अंगाने समर्थन केले. १९५९ च्या भारतभेटीत पंडित नेहरूंनी त्यांना सांगितले की शतकांच्या अन्यायाचे हे आमचे प्रायश्चित्त आहे. ते किंग यांनी पुढे लिहून ठेवले आणि आपल्या देशाकडेही तशीच भरपाई मागितली. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाला विरोध करताना ‘रंगावरून नव्हे, चारित्र्यावरून’ हे त्यांचे वाक्य फेकणाऱ्यांपर्यंत हे पोहोचत नाही. २८ ऑगस्ट १९६३ च्या ज्या मोर्चात ते वाक्य उच्चारले गेले, त्याचे नाव होते ‘रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी मोर्चा’, आणि किमान वेतन तासाला दोन डॉलर करा ही त्याची एक मागणी होती.

सर्वांत जास्त झाकोळले गेले आहे ते टेनेसी राज्यातले मेम्फिस शहर. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे शिरलेले दोन सफाई कामगार तिथल्या कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. १२ तारखेपासून १३०० कामगारांनी संप केला. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रोज चालत निघत. किंग यांना तिथे बोलावून घेणारे होते हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षे काढून गेलेले जेम्स लॉसन, संपाच्या डावपेच समितीचे अध्यक्ष. ३ एप्रिलच्या रात्री किंग यांनी तिथे जे भाषण केले त्यातला डोंगरमाथ्यावरून दिसलेल्या भूमीचा उल्लेख सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणात त्याच्या आधी त्यांनी सांगितले की कोका-कोला विकत घेऊ नका, अमुक दूध, अमुक पाव घेऊ नका, कारण या कंपन्या आपल्या माणसांना न्यायाने कामावर घेत नाहीत. गोऱ्यांच्या बँकांतून पैसे काढा आणि आपल्या माणसांच्या ट्राय-स्टेट बँकेत भरा. आजवर दुःख फक्त सफाई कामगारांच्या वाट्याला आले, आता ते जरा सगळ्यांत वाटू या, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घालण्यात आली. वय ३९.

एवढ्या हौतात्म्याने तरी मेम्फिसच्या महापौरांचे मन पाघळले का? नाही. ८ एप्रिलला कोरेटा किंग हजारोंचा मोर्चा घेऊन त्या शहरातून चालल्या, तरी महापौर हेन्री लोब कामगार संघटनेला मान्यता द्यायला राजी नव्हते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मजूर खात्याचे उपसचिव मध्यस्थीला पाठवले, देशभर शहरे जळत होती, आपल्या बाजारपेठेचे काय होईल या धास्तीने व्यापारीही तोडगा मागू लागले, तेव्हा १६ एप्रिलला करार झाला. संघटनेला मान्यता मिळाली, पगारवाढ मिळाली. आणि काही महिन्यांनी तोच करार शहराने पाळावा म्हणून कामगारांना पुन्हा संपाची नोटीस द्यावी लागली.